आवाज होता, हेडर नव्हतं

चूक माझ्या प्रोग्रॅमची असती तर मी निमूटपणे मान्य केली असती. यवतमाळला एका खासगी क्लासमध्ये मी पोरापोरींना सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून देणाऱ्या बाईची स्वतःची एखादी निघाली तर आभाळ कोसळत नाही. पण त्या रविवारी आमच्या तांड्यावर, ओसरीतल्या बाजेवर लॅपटॉप मांडून मी कंपाइलची आज्ञा दिली, तेव्हा कंपायलर माझ्या कामापर्यंत पोचलाच नाही. पहिल्याच ओळीत त्याचं घोडं अडलं. फेटल एरर, अशी कोणतीही फाइल किंवा फोल्डर नाही, कंपायलेशन बंद.

ज्यांचा या गोष्टींशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगते. आवाज वाजवायचा प्रोग्रॅम लिहिताना आवाज कसा निघतो हे कुणी पहिल्यापासून लिहीत बसत नाही. ते काम करणारी लायब्ररी मशीनमध्ये आधीच असते. तिच्यात काय काय आहे, कुठल्या कामाला काय नावानं हाक मारायची, हे सांगणारी एक फाइल असते, तिला हेडर म्हणतात. प्रोग्रॅमच्या अगदी वरच्या ओळीत आपण ते हेडर मागवतो. ते नसलं तर कंपायलर, म्हणजे आपलं लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारा दुभाषा, पुढचं एक अक्षर वाचत नाही.

आणि माझा संताप झाला तो यामुळे, की लायब्ररी त्या लॅपटॉपमध्ये होती. मी खात्री करायला एक गाणं लावून पाहिलं. गाणं खणखणीत वाजलं. समोर गाणं वाजतंय आणि हा कंपायलर म्हणतो, आवाजाची फाइल नाही. आडात होतं, पोहऱ्यात येत नव्हतं.

बा माझ्या शेजारी बसून पाहत होता. त्याला विचारता येत नव्हतं, म्हणून त्यानं नुसती भुवई वर केली. मी म्हणाले, "थांब जरासा, होते." त्यावर त्यानं मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे बघत बसला.

बाच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी मी दवाखान्याच्या आवारात, लिंबाखाली बसून, मोबाईलवर त्याचा आवाज भरून घेतला. रोज लागणारी वाक्यं त्याच्याकडून आमच्या गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, म्हणवून घेतली. पाणी दे. दुखून राह्यलं. मोटर बंद कर. बैल सोडले का. बाटी, म्हणजे भाकर, खाल्ली का. असं बरंच. आजूबाजूला माणसं होती, तो लाजत होता, मधेच हसत होता. शेवटी म्हणाला, तुझ्या याडीला ऐकवायला एक माझ्या मनचं घे, आणि मोठ्यानं बोलला, "म्या पह्यलेच सांगतलं होतं." तेही घेतलं. (याडी म्हणजे आई. आमच्या घरात सगळे गोरबोलीतच बोलतात. इथे मी त्यांचं बोलणं वऱ्हाडीत लिहिते आहे, म्हणजे वाचणाऱ्याला समजेल.)

ऑपरेशननंतर बाच्या हाती पाटी आली. तो चौथीपर्यंत शिकलेला, त्यामुळे लिहू शकत होता. पण याडीला अक्षर येत नाही. घरात दोघंच, मी यवतमाळला. मग व्हायचं काय, की बा पाटीवर लिहायचा आणि याडी पाटी घेऊन शेजारच्या घरी जायची. तिथली सून बारावी झालेली. ती वाचून दाखवायची. बाई चांगली, मायाळू, पण तोंडाची फाटकी. एकदा बानं लिहिलं होतं, पोट साफ होत नाही. संध्याकाळपर्यंत अर्ध्या तांड्यानं याडीला एरंडेल सुचवलं. त्यानंतर बानं असलं काही लिहिणं सोडलं. दुखलं तरी तो गप्प राहायचा, आणि याडीला ते दुखणं कळायचं थेट तो कळवळायला लागला की.

याडी मला फोनवर म्हणाली होती, "माह्या नवऱ्याचं बोलणं मले दुसऱ्या बाईच्या तोंडून आयकावं लागते. हे काय जगणं हाय?"

मला ते फार लागलं. दवाखान्यात गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दाखवलं होतं, पण बाच्या गळ्याची जागा अजून ओली होती आणि त्या यंत्राचा घरघराट ऐकून याडी खोलीबाहेर निघून गेली होती. मोबाईलवर वाक्यं टाकून दिली, तर कापूस वेचून राठ झालेल्या त्याच्या बोटांना तो काचेचा पडदा दाद देईना. बटण पाहिजे होतं, दाबलं की दबणारं. म्हणून क्लासमधून निकालात निघालेला एक लॅपटॉप मी मागून आणला, बटणांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि ठरवलं की बटण दाबलं की बाचा आवाज निघेल. आधी तयार प्लेअरलाच हाक मारून पाहिलं. ते जुनं मशीन प्लेअर उघडायलाच इतका वेळ घ्यायचं की बा तेच बटण परत परत दाबायचा आणि मग सगळी पाणी-पाणी एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट व्हायचा. तेव्हा स्वतःच लिहिणं भाग होतं. यवतमाळला क्लासच्या मशीनवर मी लिहिलं, चालवलं, छान चाललं. तयार प्रोग्रॅम उचलून लॅपटॉपवर टाकला तर तो म्हणाला, हा माझ्या जातीचा नाही. क्लासची मशीनं नवी, चौसष्ट बिटची. हा बिचारा बत्तीसवाला. म्हणजे कंपाइल इथेच, या बाजेवरच, करायला पाहिजे होतं.

आणि इथे हेडर नव्हतं.

हेडर का नसतं, हे मला माहीत होतं. वर्गात मी ते एका दमात सांगते. लिनक्समध्ये, म्हणजे हा लॅपटॉप ज्यावर चालतो त्या मूळ प्रणालीत, लायब्ररी एका पुडीत येते आणि तिचं हेडर दुसऱ्या पुडीत. चालवणाऱ्याला हेडर लागत नाही, बनवणाऱ्याला लागतं, म्हणून उगाच जागा कशाला अडवायची. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. त्या दिवशी मात्र मला त्यात दुसरंच काही दिसलं. कुणीतरी कुठेतरी बसून ठरवलं होतं की सगळे लोक फक्त वापरणारे. बनवणारा असेल त्यानं हात जोडून वेगळं मागावं. आणि मागायला इंटरनेट पाहिजे, ते आमच्या तांड्यावर येत नाही. पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं तर फोन लागतो, नेट नाही. मी मनातल्या मनात त्या ठरवणाऱ्याला ज्या शिव्या घातल्या त्या गोरबोलीतच शोभतात.

याडीनं चुलीपासून विचारलं, "झालं का वं?"

"नाई."

"काहून?"

काहून याचं उत्तर मी याडीला कसं देणार होते? मी म्हणाले, एक वस्तू कमी पडली, पुढच्या रविवारी आणते. ती म्हणाली, मग शेजारून मागून आण ना. तिच्यासाठी ते साहजिक होतं. आमच्या तांड्यावर घरात एखादी गोष्ट नसली तर कुणी बाजाराचा रस्ता धरत नाही, शेजारचं दार गाठतं. मीठ, विरजण, वखर, पोळ्याच्या झुली, लग्नातली भांडी, सगळं या घरातून त्या घरात फिरत असतं. नाही म्हणणाऱ्याची तांड्यात नाचक्की होते. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ न् धान्य लादून मुलुख पालथा घालायचे. इथे नाही ते तिथून उचलायचं आणि इथे आणून टाकायचं, हा आमचा धंदाच होता.

मीही त्याच रक्ताची. त्या आठवड्यात क्लासच्या मशीनवर बसले, पेनड्राइव्ह लावला, आणि हेडर उसनं घ्यायला निघाले. मग विचार केला, एकच नेलं आणि त्यानं दुसरं मागितलं तर? परत यवतमाळ, परत आर्णी, महागाव, गाड्या बदलत फुलसावंगी, तिथून तांडा. त्यापेक्षा सगळं फोल्डरच नेऊ. जिथे हेडर असतात ते अख्खं फोल्डर मी पेनड्राइव्हवर भरलं. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. पण घरचं काम आलं की मास्तरीण गळून पडते आणि तांड्यातली पोर उरते.

पुढच्या रविवारी बा आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बाजेवर बसला होता. मधल्या आठवड्यात तो रोज लॅपटॉप उघडून बटणांवरच्या चिठ्ठ्या पाठ करत होता, असं याडीनं सांगितलं. मशीन चालू न करताच बटणांवर बोटं फिरवायचा, म्हणाली. ते ऐकून मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाली ती धास्ती. लॅपटॉप उचलून यवतमाळला नेणं सोपं होतं खरं तर, पण त्याच्या हातून तो काढून घ्यायची माझी छाती झाली नाही.

मी पेनड्राइव्ह लावला आणि सगळं फोल्डर तिथल्या फोल्डरवर ओतलं. जुन्यावर नवं जाऊ देऊ का, असं मशीननं विचारलंसुद्धा नाही. मालकिणीच्या अधिकारानं हुकूम दिला होता ना. मग कंपाइल केलं. आवाजाच्या हेडरची तक्रार गेली. क्षणभर मला बरं वाटलं. पण आता अगदी प्राथमिक हेडर, पडद्यावर अक्षर उमटवायलाही जे लागतं ते, दुसऱ्याच एका हेडरला हाका मारू लागलं. ते हेडर होतं चौसष्ट बिटवाल्यांच्या खास खोलीत. ती खोलीही मी आणली होती, पण हे बत्तीसवालं मशीन तिच्यात डोकावायलाच तयार नव्हतं. मी नुसतं नमस्कार छापणारा, पहिल्या दिवशी पोरांना शिकवतात तो प्रोग्रॅम करून पाहिला. तोही होईना. एक फाइल नव्हती ते बरं होतं म्हणायची वेळ आली. आता काहीच होत नव्हतं.

मीठ सगळीकडे मीठच असतं. हेडर तसं नसतं. ते त्याच मशीनच्या, त्याच वयाच्या लायब्ररीबद्दल बोलतं. दुसऱ्या घरचं आणलं तर ते आपल्या घरात नसलेल्या माणसांना नावानं हाका मारत बसतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण घाई माणसाकडून काय काय करवून घेते.

मी लॅपटॉप जोरात मिटला. बानं पाटी ओढली, काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे धरली. याडी चुलीपासून उठून आली. "काय म्हनते?" तिनं मला विचारलं.

मी वाचलं, "पोरीला जेवू घाल, ती चिडली आहे."

याडीनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण मला कळलं की आत्ता मीसुद्धा तिच्यासाठी ती शेजारची सूनच झाले होते. नवरा समोर बसलेला, आणि त्याचं बोलणं लेकीच्या तोंडून. ती भाकरी थापायला गेली. मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला. जेवण गेलं नाही.

त्या आठवड्यात मी मोबाईलवर सापडेल ते वाचलं. माझ्यासारखे अडलेले जगभर होते. त्यातल्या एकानं नेमका माझाच प्रश्न विचारला होता आणि खाली स्वतःच लिहिलं होतं, सुटलं, धन्यवाद. कसं सुटलं ते लिहायला त्याच्या बोटांना कीड लागली होती की काय कोण जाणे. उंटावरचे शहाणेही पुष्कळ होते, नवं मशीन घ्या म्हणणारे. वाचता वाचता एवढं कळलं की या लॅपटॉपमधलं लिनक्स इतकं जुनं झालंय की त्याच्या पुड्या आता नेहमीच्या ठिकाणी ठेवतच नाहीत. त्या जुन्या मालाच्या एका वेगळ्या कोठारात हलवल्या आहेत. मशीनला तो नवा पत्ता सांगितला तर पुड्या मिळतील, त्याच वयाच्या, त्याच जातीच्या.

पण नेट पाहिजे. म्हणून तिसऱ्या खेपेला मी लॅपटॉप पिशवीत घातला. बानं पिशवी धरून ठेवली. मी सांगितलं, "फुलसावंगीले नेतो, सांजच्याले वापस आनतो." तेव्हा त्यानं सोडली.

लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, वायर लावली तरच चालतो. फुलसावंगीत एका झेरॉक्सवाल्याकडे प्लग मागितला. त्यानं दिला, स्टूलही दिलं. मी मोबाईलचं नेट लॅपटॉपला जोडलं आणि कामाला लागले. बाजाराचा दिवस होता. लोक आधार कार्डाच्या झेरॉक्स काढत होते आणि माझ्या काळ्या पडद्याकडे बघत होते.

झेरॉक्सवाला म्हणाला, "मॅडम, काय करून राह्यल्या? हँग झाला का?"

"नाई. एक फाइल नाई त्याच्यात."

"फॉरमॅट मारून देऊ का? विंडोज टाकून देतो, कटकटच नाई."

मी नको म्हणाले. अर्ध्या तासानं त्यानं परत विचारलं, आणि त्यानंतर परत. माणूस भला होता, पण मी दात आवळून बसले होते. पत्ता बदलला तर मशीन म्हणालं, या कोठाराच्या सहीची मुदत संपली आहे. ते समजावलं तर नेट गेलं. नेट आलं तर लाइट गेली, आणि लाइटबरोबर लॅपटॉप. दुकानाबाहेर कुणीतरी टरबुजं विकत होता आणि त्याचा भोंगा एकच वाक्य न थकता ओरडत होता. मला त्या भोंग्याचाही हेवा वाटला. त्याला हेडर लागत नव्हतं.

लाइट आली. मी आधी उसनी आणलेली सगळी हेडर काढून टाकली. मग मशीनची स्वतःची मूळ हेडर पुन्हा मागवली. ती आली. नमस्कारवाला प्रोग्रॅम झाला. मग आवाजाच्या हेडरची पुडी मागवली. ती पुडी इतकी लहान होती की ती कधी उतरली हे मला कळलंसुद्धा नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी माझे तीन रविवार आणि बाचे कितीतरी दिवस गेले होते. मी माझा प्रोग्रॅम कंपाइल केला. कंपायलर एक अक्षर बोलला नाही. काम झालं की तो बोलत नाही, हीच त्याची रीत. शाब्बासकी द्यायची दानत त्याच्यात नाही.

झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "भेटली का फाइल?" मी हो म्हणाले, त्याचे आभार मानले. दुकानात मी प्रोग्रॅम चालवून पाहिला नाही. बाचा आवाज पहिल्यांदा तिथे, झेरॉक्सच्या रांगेसमोर, मला ऐकायचा नव्हता.

तांड्यावर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. याडी चुलीशी होती, दाराकडे पाठ करून. मी बाजेवर लॅपटॉप ठेवला, वायर लावली, प्रोग्रॅम सुरू केला आणि बाच्याकडे पाहिलं. त्यानं शर्टाला हात पुसले आणि चिठ्ठी बघून एक बटण दाबलं.

"पाणी दे."

त्याचाच आवाज. जाडा, थोडा बसका, मागे दवाखान्याच्या लिंबावरचे कावळे. याडी उठली, तांब्या भरला, घेऊन आली, बाच्या हातात दिला. ती सवयीनंच आली होती. तांब्या दिल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला कुणीतरी हाक मारली. ती मटकन खाली बसली. माझे डोळे भरून आले आणि या खेपेला मला त्याचा राग आला नाही.

बा पाणी प्यायला, आणि मग त्याला चेव चढला. बैल सोडले का. भाकर खाल्ली का. मोटर बंद कर. याडी म्हणाली, मोटर तर सकाळपासून बंदच हाय. मग तीच थबकली, कान दिला, आणि लुगड्याचा पदर सावरत मागे पळाली. मोटर चालू होती. घरामागच्या कपाशीच्या सरीत पाणी भरून रस्त्यावर आलं होतं. ती परत येते न येते तोच बानं बटण दाबलं.

"म्या पह्यलेच सांगतलं होतं."

"कवा सांगतलं?" याडी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कवा सांगतलं तुनं मले?"

"म्या पह्यलेच सांगतलं होतं."

"खोटं नोको बोलू. मोटर तुनंच लावली असन."

त्याच्याजवळ याला उत्तर देणारं बटण नव्हतं. लिंबाखाली बसून आम्ही हुकूम भरले होते, वाद भरायचं सुचलं नव्हतं. तो इकडे तिकडे चिठ्ठ्या शोधू लागला, घाईत दुखून राह्यलं दाबलं गेलं, याडी म्हणाली, दुखते तर दुखू दे, आणि तो हसला. आवाज नसलेलं हसणं, नुसते खांदे हलणारं. त्यानं पुन्हा तेच बटण दाबलं आणि याडीनं पुन्हा तेच विचारलं. मी मधे पडले नाही. माझं तिथे काही कामच उरलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारची सून दारात आली. रोज या वेळी याडी पाटी घेऊन तिच्याकडे जायची, आज गेली नाही म्हणून तीच आली होती, पाटीवरचं वाचून द्यायला. आतला गलका ऐकून ती उंबऱ्यावरच घुटमळली आणि म्हणाली, "काकी, आना पाटी. काय लेयलं काकानं?"

याडीनं वळूनही पाहिलं नाही.

"आज काई नाई वं बाई," ती म्हणाली. "तू जाय. आमी दोघं बोलून राह्यलो."